परीक्षण: कोकणातली रोजगार हमी, खड्ड्यापासून काजूगरापर्यंत

'गावात काम नाही' आणि 'कामाला माणूस मिळत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच वाडीत, एकाच दिवशी ऐकायची असतील तर एप्रिल महिन्यात रत्नागिरी किंवा देवगड तालुक्यात यावं. हापूसच्या बागेची राखण नेपाळी गडी करत असतो. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर खलाशी नेपाळ किंवा कर्नाटकातले असतात. त्या बागेशेजारच्या घरातला मुलगा मात्र नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहून बारा तासांची नोकरी करतो. अशा मुलखात मजुरीचा बाजार एकदा कोसळला की तो सावरतो कसा, आणि त्यात रोजगार हमी योजना ही सेवा नेमकी कुठे उपयोगी पडते, कुठे तोंडावर पडते, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. तातडीची मजुरी देणारी सेवा म्हणून पाचपैकी दोन. याच योजनेतून होणाऱ्या फळबाग लागवडीला पाचपैकी चार. कापलेला एक गुण सातबाऱ्याच्या भानगडींचा, आणि तो दोष पूर्णपणे योजनेचा नाही.

आधी आजार समजून घ्यायला हवा, नाहीतर औषधाची परीक्षा चुकते. कोकणावरचं आर्थिक संकट बहुतेक वेळा कोकणात जन्मत नाही. ते मुंबईत जन्मतं आणि एस.टी.ने गावी येतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यातले पुष्कळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. संप मोडला म्हणजे गिरगाव-लालबागच्या खोल्यांबरोबर गावची मनिऑर्डरही बंद पडली. मनिऑर्डर बंद म्हणजे वाण्याची उधारी थकली, घराची कौलं बदलायची राहिली, त्या कौलांवर काम करणारा सुतार बसून राहिला. नोकरी गेली एकाची, मजुरी बुडाली चौघांची, आणि ती बुडाली तीनशे-चारशे किलोमीटर लांब. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हेच पुन्हा झालं. फरक इतकाच की या वेळी पैसे थांबले आणि माणसंही परत आली.

अमेरिकेतल्या राज्यांचा ऑलिव्हिए ब्लँचर्ड आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवतो. एखाद्या राज्याला मंदीचा फटका बसला की काही वर्षांनी तिथली बेकारी पूर्ववत होते, पण गेलेल्या नोकऱ्या परत आल्यामुळे नव्हे; माणसंच दुसरीकडे निघून गेल्यामुळे. रोजगाराची एकूण पातळी खालीच राहते. कोकणातल्या कुणाला हे समजवायला अमेरिकेला जायला नको. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आकडे बघून कुणी म्हणेल, इथे बेकारी फारशी नाही. बरोबर, कारण बेकार माणूस दादरला उतरलेला आहे.

म्हणून सेवेची कसोटी एवढीच, की संकटानंतर गावातल्या गावात मजुरीची मागणी तयार होते का, आणि किती वर्षांत.

आता योजनेचा पहिला भाग, म्हणजे मागेल त्याला काम. कल्पना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं आणि १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला. केंद्राचा कायदा २००५ चा. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग त्यात आले ते १ एप्रिल २००८ पासून. घाटावरच्या दुष्काळासाठी शिवलेला सदरा होता तो. कोकणाच्या अंगावर तो पहिल्यापासून काखेत काचतो.

कागदावर रीत सोपी आहे. ग्रामपंचायतीत कुटुंबाची नोंदणी करायची, जॉब कार्ड घ्यायचं, त्याला पैसे पडत नाहीत. काम हवं तेव्हा नमुना ४ भरून ग्राम रोजगार सेवकाकडे द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची, तो नमुना ५. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळायला हवं. नाही मिळालं तर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, पुढे निम्मा. काम गावापासून ५ किलोमीटरपलीकडे असेल तर १० टक्के मजुरी जास्त.

सगळ्यात जास्त घोटाळा त्या पोचेवर होतो. काम तोंडी मागितलं जातं, 'सांगतो हां' असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. पोच नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मागणीच झालेली नाही, मग भत्ता कुठला? पंधरा दिवसांचं घड्याळ सुरूच न होऊ देणं हा सगळ्या यंत्रणेचा सोयीचा रस्ता आहे, आणि कोकणात मागणी मुळातच विखुरलेली असल्यामुळे तो बिनबोभाट चालतो. घाटावर पन्नास माणसं एका पाझर तलावावर लागतात. इथे दहा वाड्यांतून मिळून आठ जण काम मागतात, तेही वेगवेगळ्या दिवशी. आठ जणांसाठी हजेरीपत्रक काढायला कुणी उत्साही नसतं. यावर उपाय एकच चालतो: शेजारच्या वाड्यांतल्या लोकांनी एकाच दिवशी, एकाच कामाचं नाव घालून अर्ज देणं.

दुसरी अडचण जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या लालसर दगडाची. मजुरी दिवसावर मिळत नाही, झालेल्या कामाच्या मोजमापावर मिळते. दर ठरवताना माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक असे प्रकार धरलेले असतात. कोकणात वरच्या वीतभर मातीखाली जांभा लागतो, कुठे मऊ, कुठे पहारीला आग निघेल असा. अंदाजपत्रकात 'मुरूम' लिहिलेलं आणि प्रत्यक्षात कातळ, असं झालं की दिवसभर पहार मारूनही मोजमाप अर्ध्या हजेरीचं भरतं. मजुराला वाटतं मजुरी खाल्ली. बहुतेकदा ती खाल्लेली नसते, चुकीच्या रकान्यात मोजलेली असते. तांत्रिक सहायक जागा बघायला येतो तेव्हा दोन ठिकाणी पहारीने खणून दाखवा आणि स्तर बघूनच अंदाजपत्रक करायला सांगा. काम सुरू झाल्यावर ते बदलून घेणं फार जड जातं.

तिसरी गोष्ट दराची. महाराष्ट्रासाठी हा दर २०२०-२१ मध्ये दिवसाला २३८ रुपये होता, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२. बागेतल्या बेणणीला (तण काढायला), चिरे उचलायला किंवा बांधकामाला जाणाऱ्या गड्याचा रोज याच्या बराच वर असतो, शिवाय चहा आणि दुपारचं जेवण. मग सरकारी खड्ड्यावर जाणार कोण? ज्यांना बागायतदार बोलवत नाहीत ते: वयस्क बायका, घराजवळच काम हवं असणारे, आणि मुंबईहून परत आलेला, कुदळीची सवय मोडलेला माणूस. तिसऱ्याचं तर फारच कठीण. लिफ्ट दुरुस्त करणारा, पॅकिंगला असलेला, ड्रायव्हर; त्याला खड्डा खणायला लावून त्याचं कसब गंजवण्यापलीकडे काही साधत नाही. २०२० मध्ये आलेले चाकरमानी पहिल्या संधीला परत गेले, त्याचं हे एक साधं कारण.

पैसे मिळण्याची कथाही थोडक्यात. हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी खात्यावर यायला हवी, उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच पैसे येतात. इथे अडकतं ते दोन ठिकाणी. जॉब कार्डावर 'सुनंदा', आधारवर 'सुनंदा' पण आडनाव माहेरचं. किंवा आधार जोडलेलं आहे ते मुंबईतल्या जुन्या पगाराच्या, आता बंद पडलेल्या खात्याला. दुसऱ्या प्रकारात मजुरी 'जमा' दिसते आणि हातात काहीच येत नाही. काम मागण्याआधीच बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे. हजेरीचं म्हणाल तर २०२३ पासून सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो काढून ती लावायची आहे. खोऱ्यातल्या वाडीत रेंज नसते, पण फोटो तिथे काढून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, आल्यावर पाठवता येतो. 'रेंज नव्हती म्हणून हजेरी नाही' हे उत्तर कुणी ऐकून घेऊ नये.

एवढं असूनही शून्य गुण का नाहीत? कारण मजुरीला हा खालचा टेकू आहे. योजनेचा दर ठाऊक असलेली बाई काजू फोडण्याच्या कारखान्यात रोजाबद्दल बोलताना थोडी ताठ बसते. पण टेकू म्हणजे घर नव्हे.

आता फळबाग. खरं परीक्षण इथे सुरू होतं.

१९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. गिरणी संपाला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि वरकस जमिनी, म्हणजे नाचणी-वरी काढून दमलेले डोंगरउतार, माणसांअभावी ओसाड पडत होते. सरकारने खासगी जमिनीत खड्डे खणायची मजुरी दिली. सार्वजनिक पैशातून खासगी बाग, म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. पण रस्त्याची खडी पसरून झाली की मजुराचं तिथलं काम संपतं. काजूचं झाड लावलं की तिथलं काम सुरू होतं. दरवर्षी बेणणी, आळं, खत, फवारणी, बी गोळा करणं, मग बी उकडणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ भागात बायकांना गावातच बारमाही रोज देणारा धंदा कुठला, तर काजू प्रक्रियेचा, आणि त्याच्या मुळाशी तेव्हाच्या लागवडीचा मोठा वाटा आहे.

ही मागणी यायला लागणारा काळ मात्र लक्षात ठेवायला हवा. काजूचं कलम तिसऱ्या वर्षी बी दाखवतं, हिशेबात धरावं असं उत्पन्न पाचव्या-सहाव्या वर्षापासून. हापूसला याहून जास्त धीर लागतो. म्हणजे आज नोकरी गेलेल्याला या बागेतून उद्या मिळते ती फक्त खड्ड्याची मजुरी. कुटुंबाचे वर्षाचे हमीचे १०० दिवस भरले तर २०२५-२६ च्या ३१२ रुपयांच्या दराने ३१,२०० रुपये होतात, आणि तेही स्वतःच्या जमिनीत स्वतः खणून. कारण लाभार्थी कुटुंबाचं जॉब कार्ड असेल तर मजूर म्हणून त्यांना स्वतःच काम करता येतं. वैयक्तिक लाभाच्या कामांना मोबाईल हजेरीच्या सक्तीतून २०२३ च्या आदेशात वगळलं होतं, हाही फायदा.

पात्रता: अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, स्त्री किंवा अपंग व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेली घरं, घरकुलाचे लाभार्थी, वनहक्क मिळालेले, आणि यानंतर २ हेक्टरपर्यंत जमीन असलेले अल्पभूधारक. कोकणात जमिनीचे तुकडे इतके झालेत की शेवटच्या गटात जवळजवळ अख्खं गाव बसतं.

बसत नाही ते सातबाऱ्यावर. पणजोबांच्या नावे सुरू झालेला उतारा, त्यावर आज सतरा नावं. पाच मुंबईत, दोन बडोद्याला, एक मयत आणि वारसनोंद नाही, एक आत्या जिला 'विचारलं तर हिस्सा मागेल' म्हणून कुणी विचारलेलंच नाही. सामाईक खात्यावर लागवड करायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. कूळ म्हणून नाव इतर हक्कात असेल तर पुढचा आणखी एक गुंता. या एका कागदासाठी जितक्या बागा अडल्या तितक्या वणव्यात जळल्या नसतील. घाईची वाट अशी: आधी ज्याच्या नावावर स्वतंत्र गट आहे त्या तुकड्यावर, पाच-दहा गुंठे का होईना, अर्ज करा. मोठ्या सामाईक डोंगरासाठी वारसनोंदीपासून सुरुवात करा आणि त्याला वर्ष जाईल असं धरून चाला.

वेळापत्रक चुकलं तर वर्ष गेलं. काम ग्रामसभेच्या आराखड्यात हवं, म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी अर्ज आणि नाव यादीत आहे याची खात्री. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. हे फेब्रुवारीपर्यंत हातात नसेल तर खड्डे वेळेवर होत नाहीत. खणाई मार्च ते मे. पाऊस धरला की जून अखेर ते जुलै लागवड. मान्यता मे महिन्यात आली म्हणून जूनच्या चिखलात घाईने खणलेले खड्डे आम्ही म्हणतो ती 'कागदी बाग' तयार करतात: मोजमाप भरतं, कलम लागतं, आणि पुढच्या एप्रिलला तिथे काठ्या उभ्या असतात.

आकडे असे. काजू ७ × ७ मीटरवर, हेक्टरी २०० झाडं, खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल. हापूस १० × १० मीटरवर, हेक्टरी १०० झाडं, खड्डा १ मीटरचा. आता गंमत बघा. काजूचा एक खड्डा ०.२१६ घनमीटर, दोनशेचे मिळून ४३ घनमीटर. आंब्याचे शंभर खड्डे म्हणजे १०० घनमीटर. मजुरीचे दिवस आंब्यात दुपटीहून जास्त निघतात, म्हणून 'आंबाच लिहा' असा सल्ला मिळतो. ज्या जमिनीत मीटरभर खोल जायला सुरुंग लागेल तिथे हा सल्ला ऐकू नये. कातळाजवळच्या उथळ मातीत काजू तग धरतो; आंबा तिथे दहा वर्षं जगतो आणि वाढत नाही.

खड्डा खणताना वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. पंधरा दिवस तरी उन्हात तापू द्यायचा. भरताना तळाशी सुका पालापाचोळा, वर वरचीच माती, त्यात चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दीड-दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत कच्चं असेल तर वाळवी हमखास. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवायचा, कारण पहिल्या पावसात तो बसतो. नाही ठेवला तर तिथे डबकं होतं आणि कलमाची मुळं कुजतात. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, हे अंदाजपत्रकाला माहीत नसतं.

कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, सरकारी किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच घ्यावी. पावती तिथलीच चालते, आणि जातीची खात्रीही तिथेच. काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या आणि अनुभवाला उतरलेल्या. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी लावताना सोडवायची. ती विसरली की दोन वर्षांनी तिथेच गळफास बसतो आणि झाड वाऱ्यात मोडतं. जोडाखालून येणारे फुटवे खुडत राहायचे, नाहीतर वरचं कलम मरून खालचं रायवळ, म्हणजे बीपासून उगवलेलं खुंट, वाढतं आणि मालक पाच वर्षं त्यालाच पाणी घालतो.

रोपांच्या आणि खतांच्या पैशांबद्दल एक इशारा. मजुरी एका वाटेने येते, साहित्याचे पैसे दुसऱ्या. साहित्याचे पैसे रेंगाळतात, कधी सहा-आठ महिने. रोपवाटिकेला आधी खिशातून द्यावे लागतात. ज्याची नोकरी गेली म्हणून तो ही योजना घेतोय, त्याच्याच खिशावर हा भार. योजनेतला सगळ्यात अन्यायकारक भाग हाच आहे, आणि तो मिटवायला कायदा बदलायची गरज नाही. रोपवाटिकेला थेट पैसे द्यायची सोय पुरेल.

पुढच्या वर्षांचे हप्ते जगलेल्या झाडांच्या टक्केवारीवर. झाडं मरतात ती मुख्यतः तीन कारणांनी: गुरं, वणवा, पहिला उन्हाळा. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, आणि योजनेतल्या काटेरी कुंपणाला ती जुमानत नाहीत. चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) घालता आला तर उत्तम, पण त्याचा खर्च वेगळा. वणव्यासाठी जानेवारी संपायच्या आत बागेभोवती दोन-तीन मीटर रुंद पट्टा गवत काढून मोकळा ठेवायचा आणि प्रत्येक झाडाभोवती मीटरभर. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला झाडामागे दोन-तीन कळश्या पाणी. दोनशे झाडांना चारशे-सहाशे कळश्या होतात; विहीर डोंगराखाली असेल तर हे कुणाच्या डोक्यावरून जाणार, ते आधी ठरवा आणि मग हेक्टर लिहा. पुरुष मुंबईत आणि सासूबाई सत्तरीच्या, अशा घराने वीस गुंठ्यांवर थांबावं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या सगळ्याची कसून परीक्षा घेतली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांसाठीची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. ऐकायला बरं. पण हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये, आणि इथली वाडी पाच-दहा गुंठ्यांची. पाच गुंठ्यांत दाटीने लावलेल्या पोफळी पडल्या, हातात अडीच हजार.

त्याहून न बोललेली गोष्ट मजुरांची. मदत मालकाच्या खात्यावर गेली. झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा पाडेली, सुपारी सोलणाऱ्या बायका, शिंपणं करणारा गडी यांची नावं कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती. पहिले दोन-तीन महिने पडझड उचलायला माणूस अपुरा पडला, रोज वर गेला. नंतर एकदम शांतता. पोफळ नव्याने लावून पीक यायला सहा-सात वर्षं. वादळानंतर मजुरीची मागणी अशी एकदा उसळते आणि मग खड्ड्यात जाते, आणि मदतीचे सगळे निर्णय उसळीच्या काळात होतात. रोजगार हमी खरी हवी होती ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. पुनर्लागवडीची कामं ज्या गावांनी लगेच आराखड्यात घातली तिथे पाडेल्याला निदान आळी करायचं काम मिळालं. बाकीच्या गावांतला पाडेली पनवेलला सुरक्षारक्षक झाला. झाडावर चढणारा माणूस एकदा गेला की नवी पोफळ फळाला येईल तेव्हा पाडायला कोण, हा प्रश्न आता त्या वाड्यांपुढे आहेच.

बाजूच्या दोन सेवांशी तुलना. जॉब कार्ड नको किंवा जमीन २ हेक्टरच्या वर असेल त्यांच्यासाठी २०१८ पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना. कोकणासाठी मर्यादा १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के. मोठ्या तुकड्याला ही बरी. हातावर पोट असलेल्याला नाही, कारण आधी खर्च करायचा आहे. दुसरी, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१९ पासून. परतलेल्या कसबी चाकरमान्याला खरं तर हीच जवळची: गॅरेज, बेकरी, काजू सोलणी, फॅब्रिकेशन. स्वतःचे ५ ते १० टक्के, अनुदान गट आणि ठिकाणाप्रमाणे १५ ते ३५ टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, तोवर व्यवसाय चालू दिसला पाहिजे. जिल्हा उद्योग केंद्रात प्रकरण मंजूर होतं आणि बँकेत परत फिरतं, हे नेहमीचं. जागेचा भाडेकरार, यंत्राचं कोटेशन आणि आधीच्या नोकरीच्या अनुभवाचा दाखला हे तीन कागद पक्के असले की परत फिरण्याचं प्रमाण कमी होतं. मुंबई सोडताना अनुभवाचा दाखला मागून घेणं कुणाला सुचत नाही, मागून घ्या.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. १०० ऐवजी १२५ दिवस, खर्चात केंद्र-राज्य वाटा ६०:४०, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात राज्याला एकूण ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील अशी तरतूद. हे ६० दिवस कोकणासाठी कुठे धरणार, यावर इथला बराच हिशेब अवलंबून आहे. भाताची लावणी जून-जुलैत, कापणी ऑक्टोबरात. या काळात बंद ठेवलं तर फारसं बिघडत नाही, पावसात खणाई तशीही होत नाही. पण कुणी आंबा-काजूचा हंगाम 'शेतीचा हंगाम' म्हणून मार्च ते मे बंद केला, तर फळबागेचे खड्डे खणायचे एकमेव दिवस गेले. ग्रामपंचायतींनी हे आत्ताच लेखी कळवून ठेवावं.

या योजनेकडे जाणाऱ्यांनी हाताशी ठेवायचे कागद: आठ-अ आणि सातबारा तीन महिन्यांच्या आतला, जॉब कार्ड, आधार जोडलेल्या खात्याच्या पासबुकाची प्रत, गटाचा नकाशा, सहहिस्सेदारांची संमतीपत्रं. शेवटचा कागद सोडून बाकी सगळे तालुक्याला एका फेरीत होतात. संमतीपत्रांसाठी मजकूर आधी टाईप करून ठेवा आणि गणपतीत, पाचव्या दिवसाच्या आत, सह्या घ्या. गौरी गेल्या की अर्धे हिस्सेदार परतीच्या गाडीत असतात. मग उरतो शिमगा, आणि शिमग्याला केलेल्या सह्या त्या वर्षीच्या आराखड्यात बसत नाहीत.